दुसऱ्या बाकावर वहिनी

नांदेड,
१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

आधी नमस्कार घे, मग पुढचं वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. स्वतःच बोलतोस आणि स्वतःच ठेवून देतोस, म्हणून हा कागद. फाडायचा असला तर शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडे सगळे ठीक. वहिनीनं कंडक्टरजवळ दिलेली तुरीची डाळ पोचली. ऊन आत्तापासूनच तापायलंय. तुझ्या ऋतुजाला लातूरला क्लासच्या होस्टेलवर करमायलंय का, ते कळव. परवा फोनवर पोरीचा आवाज बसलेला वाटला.

तुला ऐकायचंय ते वेगळंच आहे, माहीत आहे मला. "तारे, समिती घरचीच हाय, अहवालाचं तेवढं बघ." चार वेळा म्हणालास. सांगते.

सात तारखेला तुझ्या बी.एड. कॉलेजच्या तपासणीला आम्ही तिघं आलो, तर वर्गात पन्नासच्या पन्नास हजर! आमच्या विद्यापीठातसुद्धा असं कधी होत नाही. सगळ्या बायका पिस्ता रंगाच्या कोऱ्या साड्यांत, घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. तुझ्या कृषी केंद्रातला बजरंग टाय लावून शेवटच्या बाकावर. मला बघून त्यानं मान जी खाली घातली, ती वर काढलीच नाही. मला हसू आवरेना. मग दुसऱ्या बाकावर वहिनी दिसली.

तुझे खरे विद्यार्थी कुठं असतात, हे काय गुपित आहे का? कुणी पुण्यात कंपनीत, कुणी घरी. परीक्षेपुरते उगवतात. अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

समितीचे अध्यक्ष भागवत सर, आमच्या शिक्षणशास्त्र संकुलातलेच. त्यांनी पुस्तकातलं काही विचारलं नाही. म्हणाले, "गावातली निम्मी पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. उरलेल्यांतली हुशार दहावी झाली की लातूरला पळतात. मग तुम्ही शिक्षक होऊन गावात करणार काय?" तू दारात घाम पुसत होतास.

वहिनी उठली. म्हणाली, "सर, जी जातेत त्यायला शिकवायला लई माणसं हायत. जी मागं राहतेत त्यांची नावं तरी आपल्याला माहीत पाहिजेत."

"तुम्हाला माहीत आहेत?" सरांनी विचारलं.

तिनं बोटांवर मोजत अकरा नावं सांगितली. कोण धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी राहतं, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, देगलूरकडून आलेल्या घरातली कोणती पोरगी घरी तेलुगू बोलते म्हणून वर्गात मुकी बसते. "पैलं त्यांच्या घरी जायाचं, मग पाठाचं टाचण लिवायचं," एवढं म्हणाली आणि पदर सावरून खाली बसली.

परतताना गाडीत सर म्हणाले, "मॅडम, आपण वर्ग कसा घ्यायचा ते शिकवतो. वर्गात कोण नाही, ते बघायला शिकवलंच नाही कधी. कोण हो त्या बाई?"

"विद्यार्थिनी," मी म्हणाले. रेणापूर ते नांदेड मी एवढाच एक शब्द बोलले, आणि तोही खोटा.

समितीत नाव आलं तेव्हाच "कॉलेज माझ्या भावाचं आहे" असं लिहून द्यायला पाहिजे होतं. दिलं नाही. सासरचं आडनाव कामाला आलं. तीन वर्षांपूर्वीही अशीच आले, भरलेला वर्ग बघितला, तुझ्याकडे पोटभर जेवले आणि सही केली. आबांशी भांडून तू मला एम.एड.ला नांदेडला पाठवलंस, त्याची जाण ठेवली असं वाटलं होतं तेव्हा.

पण दादा, मला पाठवलंस ते कुणाच्या जिवावर? वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बी.ए. होती, बी.एड.ला तिचा नंबर लागला होता. आई अंथरुणावर. घरी कुणीतरी पाहिजे होतं. "पुढच्या वर्षी बघू," तू म्हणालास. आणि मी, शिक्षणशास्त्र शिकायला निघालेली शहाणी, बॅग भरता भरता म्हणाले, "वहिनी, तुला कशाला लागतंय ते?" तुला आठवत नसेल. मला त्या दिवशी दुसऱ्या बाकाकडे बघवेना. लाज वाटली, दुसरं काय.

शुक्रवारी भागवत सरांना सगळं लिहून दिलं. नातं, मागची सही, वर्गात कोण कोण बसलं होतं ते. माझं नाव समितीतून काढलं, माझी चौकशी होईल. सर ओरडले नाहीत, पण नेहमीसारखा चहाही सांगितला नाही. अहवाल काल गेला. तुझ्याकडे नवे प्रवेश देऊ नयेत, असं त्यात आहे. तू म्हणशील, बहीण आहे का वैरीण. म्हण.

आमच्या संकुलात अभ्यासक्रम बदलायचं घाटतंय. शाळेतल्या सरावाचे पहिले पंधरा दिवस पाठ घ्यायचेच नाहीत, न येणाऱ्या पोरांच्या घरी जायचं, असं सरांनी मांडलंय. वहिनीचंच बोलणं ते.

आता तिचं सांगते. सोमवारी तिचा फोन आला. "ताई, या वयात घेतेत का हो?" मी म्हटलं, घेतात. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिनं स्वतः जाऊन भरलाय. नंबर लागला तर आमच्या संकुलात येणार, माझ्याकडे राहणार. तुला सांगायचा धीर होईना, तुम्हीच सांगा म्हणाली.

माझ्यावर रागव, वर्षभर बोलू नको. चालेल म्हणते, पण जड जाईल मला. तिच्यावर मात्र आवाज चढवू नको. त्या वेळी आपण दोघांनी मिळून तिला अडवलं. या वेळी तिला न्यायला मी स्वतः रेणापूरला येणार आहे. घरात येऊ का स्टँडवरच थांबू, तेवढं कळव.

तुझीच,
तारा