अण्णांच्या करदोड्याची किल्ली

रविवार, दिवेलागण

ती किल्ली. रोज अण्णांना आंघोळ घालताना करदोड्याला बांधलेली दिसते, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

औरंगपुऱ्यातलं आमचं गेम पार्लर बंद केलं तेव्हा एवढं एकच मशीन घरी आणलं होतं. अण्णांना आता माणसं ओळखू येत नाहीत, पोटचा पोरगा मीसुद्धा नाही; निदान हे तरी ओळखतील म्हणून महिनाभर त्याच्यामागं खपलो. नवा स्क्रीन, नवी बटणं, आत छोटा कॉम्प्युटर. नाणी टाकायची खाच आणि खालचं गल्ल्याचं दार काढून तिथं स्पीकर बसवला. घरात कोण नाणी टाकणार? दार भंगारात दिलं. वा रे माझी अक्कल.

आज त्यांना समोर बसवलं. बटणांकडं बघितलंसुद्धा नाही. बघतील कशाला? एवढी वर्षं पार्लर चालवलं, स्वतः एकदाही खेळले नाहीत. रोज दुकान बंद करताना त्या किल्लीनं गल्ल्याचं दार उघडायचे, बस्स.

वाकले. किल्ली हातात धरली आणि स्पीकरच्या जाळीवर कुलूप चाचपत राहिले. कितीतरी वेळ.

"चोरी झाली वो," मला म्हणाले.

"नाय अण्णा, मीच काढलं ते दार."

ऐकलंच नाही. इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी आले.

"आमच्या पोराला सांगू नका. लई घाबरतंय ते."

नाही सांगत, म्हणालो.