दहातले आठ पावटे

सर, आज वाण्याच्या गोणीत हात घातला आणि एकटीच हसत सुटले. पावटे होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाजूला हो, तुझ्या हाताचा भरवसा नाही."

चाळीसएक वर्षं झाली. अंधेरीच्या कॉलेजात, संख्याशास्त्राच्या पहिल्याच वर्षी, तुम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आलात. आत टपोरे पावटे आणि बारीक चवळी मिसळलेली; किती पावटे, ते फक्त तुम्हाला ठाऊक. प्रत्येकाने न बघता दहा दाणे काढायचे, त्यातले पावटे मोजायचे, फळ्यावर त्या आकड्यावर एक ठिपका द्यायचा आणि दाणे परत डब्यात. कुणाचे तीन, कुणाचे पाच, बहुतेकांचे चार. माझे आले आठ. पुन्हा काढले, नऊ. तिसऱ्यांदा आठ. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "वाट लागली!" तुमच्या कपाळावर आठी. "बघून काढतेस? लबाडी केलीस तर जर्नलवर सही मिळणार नाही." सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे मी कायमची आईबरोबर मासळीबाजारात. "आईशप्पथ सर, नाही बघितलं!"

तुम्ही स्वतःचा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधता. मी दहा दाणे काढते. परत आठ! वर्ग खिदळतोय, मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही माझी बोटं उलटीपालटी करून बघता.

"घरी काय काम करतेस गं?"

"वेसाव्याला आई मासे विकते, सर. मी कोळंबी निवडते. मोठी एका पाटीत, बारकी दुसरीत."

"बघून?"

"बघायला कशाला लागतं? हाताला कळतं ना."

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की शेजारच्या वर्गातली पोरं डोकावली. "अरे, पोरगी खोटी नाही, हात हुशार आहे! नमुना घेणारा हात ठार अडाणी पाहिजे!" मग कँटीनमधून आमटी वाढायचा डाव मागवलात, फळा पुसलात. आता सगळ्यांनीच डबा हलवायचा, डाव घालायचा, पहिले दहा दाणे मोजायचे. माझे चार. मग पाच. मग तीन. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता, खरंच. बघता बघता फळ्यावर ठिपक्यांचा डोंगर उभा राहिला, मधे उंच, दोन्हीकडे उतरता, आणि तुम्ही सांगितलंत, डब्यात दर दहा दाण्यांत चारच पावटे आहेत. एकेकाचा अंदाज हुकतो, पण हुकण्यालाही एक वळण असतं, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. पुढे तेच मी पोटापाण्यासाठी शिकवलं, तसाच डबा घेऊन.

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र त्या डब्यातच ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलंय. डोंगराच्या अगदी टोकावरचा ठिपका माझा होता. घंटा झाली होती, डाव कँटीनला परत गेला होता, आणि टोक जरा बोडकं दिसत होतं. मी डब्याला हातही न लावता चारवर एक ठिपका देऊन टाकला. माझ्या हातात खडू बघून, नेमकं त्याच ठिपक्यावर बोट ठेवून तुम्ही वर्गाला म्हणालात, "बघा, खोटी नाही ही पोरगी." आणि मी मान डोलावली.