आई डोळे मिटते तवा

अमरदादा,

लिवण्यात चुका असन तं हासू नको. नववीत शाळा सुटली तवापासून लिवणंच सुटलं, अन् या मोबाइलवर एकेक अक्षर शोधून दाबून राहिली.

आईवर मले शंका आहे. काही बी विचारलं का आधी डोळे मिटते, प्रार्थना करते, मंगच बोलते. "देवापाशी अक्कल मागतो," म्हणते. मोहाडीच्या बाजारात वांगे घेऊ का विचारलं तरी तसंच. भाजीवाली म्हणे, "ओ कुंताबाई, झोपल्या का?"

मले वाटे, नाटक आहे. आधी तं तिच्या तोंडातून कसं फटकन निघे! तू साधनावहिनीसंग लगन केलं, तं म्हणे, "या घरात पाय ठेवू नको."

चर्चमधल्या बायांसमोरच करते का, म्हणून मी लपून पाहिलं. एकटी असली तरी करते.

काल मुद्दाम विचारलं, "दादाले बोलावू का?" तिनं डोळे मिटले ते उघडेचना. चुलीवरचा भात करपला. मंग हळूच म्हणे, "साधनाले बी घेऊन ये म्हणाव."

तवा माह्या ध्यानात आलं. हे डोळे मिटणं तू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीच सुरू झालं होतं.

पण तुमी दोघं आले अन् तिच्या तोंडातून पुन्हा फटकन निघालं तं? म्हणून हे पत्र पाठवून नाही राहिली. अजून थोडे दिवस तिले पाहतो.

आपल्या शेळीनं तीन पिल्लं देल्ले. एक सारं पांढरं आहे.

तुही लहानी,
रेनू