सव्वीस मिनिटांची फाइल

प्रिय विशा,

तुला पत्र लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. पहिल्यांदा यवतच्या ढाब्यावर, भट्टी पेटवायला हाक आली म्हणून. दुसऱ्यांदा पेन चालेना. तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं. तू मला ब्लॉक केलंयस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नाही. आज उठणार नाही.

सध्या निमोण्यात घरीच आहे. धाकट्या धनश्रीच्या जुन्या कॉम्प्युटरवर फाइल मॅनेजर बसवलाय. म्हणजे फाइल राहते आपल्याच घरात, पण लिंक दिली की कुणीही कुठूनही मोबाईलवर उघडून बघतो, जशीच्या तशी. दहावीला दोनदा गचकलेला मी, चार दिवस त्या काळ्या खिडकीत कमांड मारत होतो. पहिल्या दिवशी लिंक फक्त घराच्या वायफायवर उघडायची, गोठ्यापर्यंत गेलं की बंद. गोठ्यावरून आठवलं, आमची मोरी म्हैस व्याली, रेडी झाली, कपाळावर पांढरा टिळा. असो. दुसऱ्या दिवशी मी चुकून सगळी डी ड्राइव्हच उघडी टाकली. यवतच्या मावशीनं लिंक तपासायला म्हणून उघडली आणि माझा लग्नाचा बायोडाटा वाचून फोन केला, "आरं, सहा फूट कवा झाला तू?" तिसऱ्या दिवशी लाईट गेली आणि प्रोग्राम झोपला. लाईट आल्यावर तो आपोआप उठावा एवढ्यासाठी आणखी एक दिवस गेला. शेवटी धनश्री डोक्यावर येऊन उभी. "दादा, आधी डिलीटची टिक काढ. फकस्त बघायचं ठेव. न्हाईतर ज्याला नकोय त्यो पयला उडवील." टिक काढली. ज्याला ती फाइल नको होती तो तिच्यासमोरच खुर्चीत बसलाय, हे तिला कुठं ठाऊक.

त्यात एकच फाइल आहे. दोन वर्षांपूर्वीच्या बैलगाडा शर्यतीची, सव्वीस मिनिटांची. गाडा जुंपायच्या जागेवर खिळा सापडला आणि तू तुमच्या बाजीला टोचलंस असं कमिटीनं माईकवरून सांगितलं, तेव्हा मी तुझ्या शेजारी होतो. ज्या बैलावर तू कधी काठी उगारली नाहीस, त्या बैलाला! शर्यतीतली तुमची बारी रद्द झाली, बंदी आली, बाजी विकला गेला, आणि तू दौंडला मामांकडं निघून गेलास. आठवड्याच्या आत मी यवत गाठलं. लोक म्हणाले, माल्ह्याच्या पायाला भिंगरीच हाय. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

आता सातवं मिनिट बघ. मी आपल्या मंडळाचा फ्लेक्स ठोकतोय, मोबाईल तुझ्या हातात आहे, तू मला हसतोयस. उरलेला खिळा मी शर्टाच्या खिशात टाकतो. एकोणिसाव्या मिनिटाला मोबाईल माझ्याकडं. बैलांचे खूर जवळून घ्यायला वाकतो आणि खिळा खाली पडताना स्वच्छ दिसतो. त्याच रात्री हे बघितलं होतं मी. दोन वर्षं मोबाईलचं मेमरी कार्ड पाकिटात घेऊन हिंडलो. तुकडा पाठवला असता तर कमिटी म्हणाली असती, कापून जोडलाय. म्हणून अख्खा ठेवलाय, आणि आज सकाळी कमिटीच्या ग्रुपवर लिंक टाकून खाली लिहिलं, खिळा माझा होता, मल्हार. रविवारी कमिटी बसतेय. तू ये, नको येऊस, मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे. तुला मात्र हे ग्रुपवरून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. लिंक मागच्या बाजूला लिहिलीय.

थांब. अंगणात गाडी वाजली. तुझे वडील आलेत, स्वतः बापूसाहेब आप्पा! दोन वर्षांत आमच्या दाराकडं मान वळवली नव्हती त्यांनी. हातात मोबाईल, व्हिडिओ चालूच आहे, आणि आईला विचारतायत, "माल्ह्या हाय का घरात, का गेला पळून?" आहे, आप्पा. विशा, पोस्टाची वाट नको. हे पत्र आत्ताच जाऊन त्यांच्या हातात देतो.

तुझाच,
मल्हार