मागची होडी

सर, काल दुपारी संगणकाच्या पडद्यावर तीन न्यायाधीशांनी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तुम्ही खोटं बोलता असं ठरवलं. तिघं तीन देशांचे. तिघंही सभ्य, मध्ये पाणी प्यायला थांबा म्हणणारे, आवाज न चढवणारे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे असं व्हावं, आणि मी समोर बसून मान डोलावत ऐकावं. उठून जाता येत नव्हतं, कारण तुमच्या जागी मीच बसलो होतो. आज चार वाजता ते तिघं परत भेटणार आहेत आणि कालचा निर्णय पक्का करणार आहेत. त्याआधी तुम्हाला एक विचारायचं आहे, म्हणून जेवण झाल्यावर आडवा न होता कागद घेऊन बसलो.

तुम्हाला हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी कुठेतरी दूरच्या तालुक्यात लहानसा न्यायाधीश होतो. पुढे जिल्हा न्यायाधीश होऊन निवृत्त झालो. आता कामठ्याला राहतो, खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात, आणि तुमच्या वर्गातल्या कविता अजून जशाच्या तशा तोंडात आहेत. आपला देश सोडून पळालेली माणसं दुसऱ्या देशाच्या दारात उभी राहतात, आम्हाला परत पाठवू नका म्हणतात. त्यांचं ऐकून आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे ठरवणारे न्यायाधीश जगभर आहेत. ते एकमेकांचे निकाल वाचतात, पत्रं लिहितात, नव्यांना शिकवतात. आपल्याकडे या कामासाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळे त्यांच्यात मी पाहुणा. लग्नात मांडवाच्या कडेला बसलेल्या सोयऱ्यासारखा. नोकरीत असताना एका निकालात मी बाहेरच्या देशातल्या निकालाचा आधार घेतला होता, तेव्हापासूनची ही ओळख. त्यांचा पहिला नियम असा की एकमेकांच्या चालू खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. म्हणून मग सरावासाठी ते लटके खटले रचतात. एकाने आश्रय मागणारा व्हायचं, तिघांनी न्यायाधीश. या वेळी आश्रय मागणारा मी होतो, आणि गोष्टही मलाच लिहायची होती. मनाने रचायची. खऱ्या माणसाची गोष्ट वापरायची तर त्याची परवानगी हवी.

मी रचायलाच बसलो होतो सर. पण नदी लिहिली की तिला तुमची नदी व्हायचं होतं. नाव, गाव, धर्म, सगळं बदललं, देशही बदलला. बाकी तुम्हीच उरलात. त्या माणसाच्या दोन जबान्या मी लिहिल्या. पहिली सीमेवर, त्याच्याच मुलखातल्या दुभाष्यामार्फत: आई होडीत तापाने गेली, तिला पाण्यात सोडलं. दुसरी पुढे कोर्टात, नव्या देशात शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत, दुभाषा न घेता: आई नदीच्या घाटावरच राहिली, मी एकटा आलो. काल अध्यक्ष असलेल्या बाई, उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या, चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, "माणूस तारीख विसरतो, रस्ता विसरतो. आई कशी गेली हे विसरत नाही." दुसऱ्या दोघांनी माना हलवल्या. खरं सांगू? माझी खुर्ची त्यांच्या बाजूला असती तर मीही हेच लिहिलं असतं. आणि आज दुपारनंतर ही गोष्ट त्यांच्या निर्णयासकट कितीतरी देशांतल्या नव्या न्यायाधीशांकडे जाईल. न पटणारी जबानी कशी ओळखावी, याचा नमुना म्हणून.

तुम्ही आमच्या केशोरीला आलात ते आठवतं. अर्जुनीकडच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातून आलेले, पांढरं धोतर, सायकल हातात धरून चालणारे. तुम्हाला मराठी आमच्या वाचनमालेतल्या कवितांनीच शिकवली होती, त्यामुळे तुम्ही बोलायचातही तसंच. दुकानात जाऊन "मज थोडे मीठ हवे" म्हणायचात. दुकानदार हात जोडून म्हणायचा, "मास्तर, मीठ देऊ का कविता देऊ?" आम्ही पोरं मागे उभी राहून फिदीफिदी हसायचो. तुम्हीही हसायचात, पुडी धोतराच्या सोग्यात बांधायचात आणि जाताना त्याला म्हणायचात, "मीठच दे. कविता वर्गात फुकट मिळते." वर्गात तुम्ही खिडकीशी उभे आहात, बाहेर धानाची रोवणी चालली आहे, आणि आम्ही एका सुरात म्हणतो आहोत. एक कविता तेवढी तुम्ही दर वर्षी सोडून द्यायचात. होडीची होती. आम्हाला वाटायचं, ती तुम्हाला अवघड जात असेल. पोरं आपसात म्हणायची, "मास्तरले तं होडी येतच नाही रे."

मग इटियाडोहची सहल. धरणाच्या काठावर तुम्ही पाण्याकडे पाठ करून बसला आहात, आणि मासे धरणाऱ्या ढिवरांचा एकच डोंगा आहे. लाकडाचा, लांबोडका, चार पोरं बसली की भरणारा. मी सगळ्यात आधी घुसलो. माझ्या शेजारच्या घरचा पोरगा, माझ्याहून लहान, काठावर रडायला लागला. त्याने रडू नये म्हणून मी ओरडलो, "तू मांगच्या डोंग्यात येजो." मागे डोंगा नव्हता. हे मला माहीत होतं, त्यालाही दिसत होतं. आणि तुम्ही, ज्यांनी कधी कुणावर छडी उगारली नव्हती, गुडघाभर पाण्यात शिरलात, माझी बखोटी धरून मला बाहेर ओढलंत आणि सगळ्यांसमोर कानाखाली दिलीत. परतीच्या वाटेवर कुणी गाणं म्हटलं नाही. पोरं मला कोपरखळ्या मारून विचारत होती, "काऊन मारलन रे तुले?" मला काय माहीत.

त्या संध्याकाळी तुम्ही मला बोलावणं पाठवलंत. माय म्हणाली, "जाय, पण मान खाली घालून बसजो, उत्तर देऊ नको." तुमच्या स्वयंपाकखोलीत मोहरीच्या तेलाचा वास भरलेला. तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसलेले, कढईत ढिवरांनी दिलेली मासोळी. मी उंबऱ्याशी. तुम्ही ताट वाढलंत, मासोळीचं डोकं माझ्या भातावर ठेवलंत, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागलात. एरवी नौका म्हणणारे तुम्ही त्या दिवशी होडी म्हणालात. होडीत एकाचीच जागा उरली होती. आई म्हणाली, तू बस, मी मागच्या होडीत येते. "मागे होडी नव्हती. मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. मी बसलो." लाकूड आत सारून तुम्ही पुढे म्हणालात, "कॅम्पात माझे मामा आहेत. त्यांची ती धाकटी बहीण. त्यांना मी ताप सांगितला. बांगला भाषेत हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मराठीत निघतं. मराठीत माझी आई कधी बोलली नाही." मी तोंडातला घास तसाच धरून होतो. मग तुम्ही म्हणालात, "खा. आणि हे कॅम्पात जाऊ देऊ नकोस."

मी जाऊ दिलं नाही सर. पुढे तुम्ही ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, मीही नाही. पण आता काय करू ते सांगा. तोंड मिटून बसलो तर तुम्ही खोटारड्याचा नमुना म्हणून देशोदेशी फिराल. ते एक वेळ मी गिळीन, तुमचं तिथे नाव नाही. पण उद्या कुठल्यातरी देशात तुमच्यासारखाच एखादा उभा राहील, शेजारी त्याच्याच गावचा दुभाषा असेल, आणि नवा न्यायाधीश हा नमुना आठवून त्याला परत पाठवेल. जिथून तो पळाला तिथेच. गोष्ट मागे घेतली तर कुणाचंच वाईट नाही आणि कुणी काही शिकतही नाही. आणि ही खरी घडलेली आहे असं सांगितलं, तर तुमचा शब्द मोडला. त्या बैठकीचं चित्रण होतं, ते दुसऱ्यांना दाखवतात. मामांचा नातू अजून अर्जुनीच्या बाजारात भेटतो, भर गर्दीत वाकून पाया पडतो. पितृपक्षात तो तुमच्या आईचं पान वाढतो, तापाने गेलेली म्हणून. साडेतीन होत आलेत. मागच्या खोलीत बायको सुपात तांदूळ निवडते आहे.

बैठक होऊन गेली आहे. चहा निवून गेला, तरी पुन्हा लिहायला बसलो.

बाईंनी निर्णय वाचायला घेतला आणि मी हात वर केला, तुमच्या वर्गात करायचो तसा. म्हटलं, "ही गोष्ट रचलेली नाही. घडलेली आहे. ज्यांची आहे त्यांची परवानगी घ्यायला ते हयात नाहीत. तुमचा नियम मोडला आहे, आणि आधी विनंती करतो की एवढा भाग चित्रणातून काढावा." बाईंनी काहीतरी दाबलं, पडद्याच्या कोपऱ्यातला चित्रणाचा लाल ठिपका गेला. मग त्या म्हणाल्या, "दोन जबान्यांपैकी कुठली घडलेली?"

"दुसरी. घाटावरची."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांनीच सांगितलं. ते माझे शिक्षक. मी शाळेत होतो."

"म्हणजे ज्याने आधी वेगळं सांगितलं, त्याच माणसाचा शब्द." हे बोलला तो तिसरा, बेटांच्या देशातला तरुण. उद्धट नव्हता तो. मीही साक्षीदारांना असंच धरलेलं आहे. पिंजऱ्यातून तो प्रश्न कसा ऐकू येतो, ते खुर्चीवरून कधी कळलं नव्हतं. मी "हो" म्हटलं.

तेव्हा दुसरे बोलले. आफ्रिकेतले, वयाने माझ्याच बरोबरीचे, काल नुसती मान हलवलेले. त्यांनी विचारलं, "पहिली जबानी कुणाच्या तोंडून आली?"

"दुभाष्याच्या."

"तो कुठला?"

"त्यांच्याच मुलखातला. म्हणजे जिथे ही गोष्ट सांगायची लाज, तिथलाच."

मग मी सांगितलं. चूल, कढई, मागची होडी, आणि आईची भाषा सोडून दुसऱ्याच भाषेत निघालेलं ते वाक्य. सगळं इंग्रजीत. अडखळलो नाही. बाई कागद चाळत होत्या, त्यांची सळसळ पडद्यातून ऐकू येत होती. "हे आहे इथे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच पानावर. दुभाषा त्याच्याच भागातला. मी वाचलं होतं. मला वाटलं, बरं झालं, बिचाऱ्याची सोय झाली." तरुण म्हणाला, "पण मग खोटं बोलणारा प्रत्येक जण उद्या हेच कारण देईल." "देईल," बाई म्हणाल्या. "आपल्याला पगार कशाचा मिळतो मग?" आफ्रिकेतले हसले, मीही हसलो. तरुण हसला नाही. त्याचं मत त्याने बदललं नाही, तसं लिहून ठेवा म्हणाला. त्यांनी लिहिलं. पण नमुन्याचा मथळा बदलला. आता तो निर्णयाशिवाय जाणार, आणि नव्यांनी सगळ्यात आधी एवढंच शोधायचं की हा माणूस हे कुणाच्या देखत बोलतो आहे. निरोप घेताना बाईंनी तुमच्याबद्दल विचारलं, ते काय शिकवायचे. कविता, म्हटलं. होडीची सोडून.

शब्द मोडला की राहिला, हे तुम्हीच ठरवा. कॅम्पात गेलेलं नाही, एवढं खरं. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच आहे. तुमचा पत्ता तेव्हाही एका खोलीचा होता, ती आता नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. यंत्र बंद करून बाहेर आलो तर बायको सूप खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. "अजी, डोरे कायले लाल दिसून राहिले तुमचे? का म्हणत होते ते साहेब लोकं?" चाळीसहून जास्त वर्षांचा संसार, तिच्यापासून मी काही लपवत नाही. तिकडे परक्या माणसांना भडाभडा सांगून आलो होतो, तेच आता आपल्या बोलीत सांगायचं होतं. तोंड उघडलं.

"काही नाही," मी म्हटलं. "नेट जाऊन राहिलं होतं. डोळे ताणून बघा लागलं."