पुकारलेलं नाव

पेडगाव

प्रिय अर्पिता,

परवा तुझा फोन मी मुद्दामच कापला. दिल्लीत तुझ्या बापाचं नाव पुकारलं तेव्हा मी का उभा राहिलो, हे तू तिसऱ्यांदा विचारायलीस. तुझी आई पदक घ्यायला पुढं निघालेली आणि मागच्या रांगेत हा लंगडा मोठाबाबा ताठ उभा! शेजारच्यानं हात धरून खाली बसवलं. दुःखानं भान गेलं असं सगळ्यांना वाटलं. दुःख होतंच गं. पण मी उठलो, कारण नाव माझं होतं.

रामप्रसाद मी आहे. तुझा बाप मुंजाजी.

आमच्या घरात दहावीचा कागद एकच होता, माझा. भरतीत पळायला पाय होते ते त्याचे. माझा कोरड्या विहिरीत पडून मोडलेला. तो आठवीतूनच मेंढरांमागं गेलेला. आमच्या वडलांनी, तात्यांनी, दोघांचा मिळून एक शिपाई केला. वर्षभर मेंढरांमागं चालत मी त्याचा अभ्यास घेतला, माझी सही त्याच्याकडून घोटून घेतली. गणितात लय ढ होता तुझा बाप! तो भरती झाला आणि कागदावर मी मुंजाजी झालो. गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, पण कुणी आजवर तोंड उघडलं नाही.

तुझ्या आजीला मात्र हे कधीच पटलं नाही. माझ्या पाठची दोन लेकरं गेली, तेव्हा तिनं पिंपळाखालच्या मुंजाबाला नवस केला आणि तुझा बाप झाला. देवाचं नाव कागदासाठी काढलं म्हणून ती तात्यांशी सहा महिने बोलली नाही. पुढं बाहेरच्यांपुढं तोंडून निसटू नये म्हणून आम्हाला थोरल्या अन् धाकल्या म्हणू लागली. तिरंग्यात गुंडाळून आणला तेव्हासुद्धा बाई धाकल्या, धाकल्या करतच रडली. हजार माणसं रामप्रसाद अमर रहे म्हणून ओरडत होती आणि मी खांदा देत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं पोरी.

गोळीबारात दोघांना त्यानं खांद्यावर घालून आणलं, तिसऱ्यासाठी गेला तो आलाच नाही. लंगडं कोकरू तो असंच खांद्यावर आणायचा; मागं सोडून येणं त्याला जमायचंच नाही. शौर्य त्याचं गं. माझा नुसता कागद.

आता सव्वीस जानेवारीला शाळेसमोर त्याचा पुतळा बसणार. पाटीवर माझंच नाव कोरून आलंय. खरं बाहेर पडलं तर तुझ्या आईची पेन्शन जाईल, पदकावर बोट ठेवतील. म्हणून कोरलंय ते राहू दे, मी ते परत मागत नाही. पण आजीनं आठ दिवस झाले भाकर सोडलीय. मुंजाबाचं नाव पुसलं म्हणून त्यानं आपलं लेकरू माघारी नेलं, हेच धरून बसलीय. माझा थोरला तर जिता हाय, त्याच्या नावाचा दगड बघायला मी येणार न्हाई म्हणती. तू तिथं भाषण करणार आहेस ना? त्यात एकदा, एकदाच म्हण, की घरात त्यांना मुंजा म्हणायचे. साहेब लोकांना लाडाचं नाव वाटेल. मी आजीला कसंही करून पुढच्या रांगेत आणून बसवतो. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा माईकजवळ जाऊन मोठ्यानं म्हण. मी या वेळी जागचा हलणार नाही.

वाचलं की हे फाडून टाक. वीस वर्षांनी माझी सही करायलोय, धड जमेना.

तुझाच मोठाबाबा,
रामप्रसाद