तुरीतली लाखोळी

सरूकाकू,

पाया पडते. तुमाले जाऊन आज सतरा दिवस झाले. तुमाले वाचता येत नव्हतं हे मले माहीत हाय, पण तिथं कोणी ना कोणी वाचून दाखवणारं भेटलंच असन. शुद्ध लिहायले बसली असती तर तुमाले वाटलं असतं सरकारी कागद आला, म्हणून बोलते तशीच लिहून राहिली.

आजच कायले लिहिते? उद्या भांडाराची सभा हाय. तुमच्या जागी माल पाहून घ्यायचं काम मले द्यायचं म्हणतात सारे. परवा माह्याकडं पाहून म्हणाले, "वत्सलाबाई, तुमच्याशिवाय कोण?" मी म्हटलं, सभेत सांगते. आणि घरी येऊन रडत बसली. यांना वाटलं तुमच्या आठवणीनं रडते. तेबी होतंच म्हणा.

काकू, भांडार काढलं तवा किती हसले होते लोक! विणकराच्या बायका दुकान चालवणार म्हणे! धान्यावर सरकारी कंट्रोल होता ते दिवस. वाण्याच्या दुकानात डाळीपेक्षा खडे जास्त, आणि बोललं तर म्हणे, नको असन तर राहू द्या. तुमीच घरोघरी फिरल्या. चाळीस घरं झाली. प्रत्येक घरानं आठवड्यात एक सकाळ द्यायची, कोणी तोलायचं, कोणी पुड्या बांधायच्या, कोणी निवडायचं.

सुख काही कमी नव्हतं. आमचे हे छातीच्या दुखण्यानं खाटेवर पडले, माग बंद झाला, तवा माही पाळी चार महिने दुसऱ्या बायाईनं केली. कोणी एका शब्दानं ऐकवलं नाई. निवडलेली डाळ, ताजं तेल, पावशेर लागलं तरी तोंड वाकडं न करता मिळे. ते उपकार मी कसे विसरू?

पण तापही होताच, तुमीच म्हणत होत्या! कोणाच्या घरी किती तेल जाते ते चाळीस घराले ठाऊक. पाहुणे आले म्हणून गूळ जास्त नेला तर चार जणी इचारणार, "कोण आलं वं?" गूळ काळा आणायचा का पिवळा, यावर अख्खी सभा गेली होती, आठवते? तीन तास! शेवटी दोन्ही आणले आणि दोन्हीले नावं ठेवली. वाण्याचा माल खराब निघाला तर त्याले शिव्या घालता येत होत्या. आपल्याच दुकानाचा खराब निघाला तर भांडायचं कोणासंग?

ते मले त्या तुरीच्या डाळीनं शिकवलं.

तुमचा पाय मुरगळला होता म्हणून इतवारीच्या बाजारात मले पाठवलं होतं. जाताना बजावून सांगतलं होतं, "वरची डाळ पाहू नको. बोरीत कोपरापर्यंत हात घाल, तळची काढ, मंग बोल." मी गेली. सारी माणसंच माणसं, बाई एक नाई! मी बोरीजवळ वाकली तर मागून कोणी तरी हसला, "बाई डाळ घेऊन राहिली का शिजवून राहिली?" माय वं, मले असं झालं की जमीन फाटून आत जाऊ द्या. मी वरूनच पाहिली. पिवळीधमक होती. म्हटलं, बांधा.

तीन बोऱ्या आल्या. दुसऱ्या दिवशी तुमी सूप घेऊन बसल्या आणि हात थांबला तुमचा. खाली अर्धी लाखोळी! दिसायले तुरीसारखीच, पण दाण्याले कोन असतो. ती रोज खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून आपल्याकडं सारे भेतात तिले. दलाल परत घ्यायले तयार नाई. कोणी म्हटलं, बाहेरच्या गिऱ्हाइकाले विकून टाका. तुमी काय भडकल्या! "बाहेरच्याले पाय नाईत का?"

मंग सभेत मले उभं केलं. इचारलं, "हात घातला होता का?" यांचं दुखणं डोळ्यापुढं, घरात माग बंद, नाव काढलं तर जाऊ कुठं? मी म्हटलं, "घातला होता. कोपरापर्यंत."

"मंग बोऱ्या रस्त्यात बदलल्या असतील," कोणी तरी म्हटलं. आणि साऱ्याईनं झिबलभाऊकडं पाहिलं. त्याच्याच बैलबंडीतून माल आला होता. तो बिचारा दारात उभा. एवढंच बोलला, "मी कायले बदलीन, बाई?" मी मान खाली घातली, काकू. वर केलीच नाई. भांडाराचं काम त्याच्या हातून गेलं.

नंतरचे नऊ दिवस मले कधी विसरता येणार नाई. चाळीस घरच्या बाया सूप घेऊन ओट्यावर बसल्या आणि दाणा दाणा निवडला. तूर इकडं, लाखोळी बैलाले. डोळ्याले पाणी येई साऱ्याईच्या. मले एक टोमणा नाई! उलट कोणी तरी माह्या पोट्टीले गोदडीत घालून झोपवून देत होतं. एवढ्या चांगल्या माणसाईत मी खोटी बसली होती.

दोन महिन्यांनी तुमी सभेत उठल्या आणि म्हणाल्या, "बंडी झिबलचीच येईन. कोणाची हरकत असन तर त्यानं पोतं डोक्यावर आणावं." झिबलभाऊची बंडी परत सुरू झाली. मले वाटलं, काकूचा हट्ट. आणि त्याच आठवड्यापासून दर बाजाराले मले संग नेऊ लागल्या. त्या माणसाईसमोर मोठ्यानं म्हणायच्या, "वत्सले, बांगड्या वर सरकव, घाल हात!" पहिल्या दिवशी लाजेनं मेली मी. मंग मंग दलालच आपल्याले पाहून उठून उभे राहू लागले. आता शेर जाऊन किलो आले, तुमाले ते वजन मेलं शेवटपर्यंत पटलं नाई, पण डाळ हातात घेतली की मी डोळे मिटून सांगते. ही विद्या तुमची हाय.

आणि काकू, ते शेवटचं दुपारचं बोलणं. मी पेज घेऊन आली होती. तुमी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "त्या दिवशी बाजारातून आली तवा तुह्या बांगड्याईले भुकटी नव्हती वं."

तळात हात घातला की डाळीची भुकटी बांगड्याईत भरते, दोन दिवस निघत नाई. तुमाले पहिल्याच दिवशी समजलं होतं!

"मंग बोलल्या काहून नाई?"

"मी वाट पाहून राहिली होती," तुमी म्हणाल्या आणि डोळे मिटले. चार दिवसांनी तुमी गेल्या.

सात वर्षं, काकू! एकदा तरी रागवायचं होतं! दोन थोबाडीत द्यायच्या होत्या! मी रडून मोकळी झाली असती. बाजारात जाता येता आपण दोघीच असायचो, हजारदा तोंडाशी आलं माह्या, तुमी फक्त "पाय उचल" म्हणायच्या. राग येतो तुमचा. पण मी खोटी हाय हे माहीत असून तुमी मलेच जवळ घेतलं, शिकवलं, माह्या घरची चूल पेटती ठेवली. सख्ख्या मायनं तरी एवढं केलं असतं का?

रात्री यांना सारं सांगतलं. हे म्हणाले, "आता कायले उकरते? लोक विसरले." लोक विसरले असतील. झिबलभाऊ कसा विसरन? अजून भांडाराचा माल आणतो, पण बोऱ्या उतरवल्या की माह्यासमोर प्रत्येक बोरीचं तोंड स्वतः उघडून दाखवतो, मी न म्हणता. सात वर्षं दाखवून राहिला.

म्हणून तुमाले वचन देते. उद्या सभेत कामाचं नाव निघायच्या आधी मी उभी राहीन. झिबलभाऊले पुढं बोलावीन आणि साऱ्याईसमोर सांगीन, बोऱ्या बदलल्या नव्हत्या, मी हातच घातला नव्हता, या माणसावर आळ माह्यामुळं आला. त्याचे पाय धरीन. मंग मले ठेवायचं का काढायचं, ते चाळीस घरं ठरवतील. काढलं तरी मान वरच राहीन माही.

तुमचीच,
वत्सला